डमीच्या खाटेपाशी

(प्रस्तावना)

सिम्युलेशन लॅबमध्ये शिकवणाऱ्या नर्सला तिच्या जुन्या वॉर्डातल्या मैत्रिणी एक प्रश्न हमखास विचारतात : "पेशंट सोडून बाहुल्यांत कसा गं जीव रमतो तुझा?" प्रश्नात थोडी चेष्टा असते आणि बरीचशी तक्रार. वॉर्डात माणसं कमी, नाइटला एकेका सिस्टरवर अख्ख्या वॉर्डाचा भार, आणि अशात हाताशी असलेली अनुभवी सिस्टर उठून जाते ती प्लॅस्टिकच्या हाताला सलाइन कशी लावायची हे शिकवायला. ज्यांनी ही नोकरी केली आहे त्यांना ही तक्रार खोटी वाटणार नाही. मलाही ती कधी खोटी वाटली नाही. म्हणून तिचं उत्तर एका वाक्यात देऊन मोकळं होता येत नाही. हे पुस्तक त्या उत्तरासाठी लिहिलं आहे.

नर्सिंगचं शिक्षण आपल्याकडे खाटेपाशी होत आलं आहे आणि पुढेही ते तिथेच व्हायला हवं. पण खाटेपाशी काय शिकायला मिळणार, हे त्या दिवशी वॉर्डात कोण दाखल आहे यावर ठरतं. एका विद्यार्थिनीच्या पोस्टिंगमध्ये बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव पाहायला मिळतो, तिच्याच वर्गातल्या दुसरीला चार वर्षांत तो दिसतही नाही. शिवाय ज्या प्रसंगातून सर्वांत जास्त शिकायचं, नेमकी तिथेच विद्यार्थिनीला जागा नसते. पेशंट अचानक बिघडला, क्रॅश कार्ट धावत आली, की पहिलं वाक्य कानावर येतं : "स्टुडंट्स, बाजूला व्हा." ते बरोबरच असतं, त्या क्षणी शिकवायला कुणाला सवड नसते. परिणाम असा होतो, की परीक्षा पास होऊन नोंदणी झालेली मुलगी नोकरीच्या पहिल्या काही आठवड्यांत, रात्रपाळीला, आयुष्यातला पहिला कार्डियाक अरेस्ट स्वतःच्या जबाबदारीवर हाताळते. तिचा तो पहिला प्रयत्न कुणाच्या तरी वडिलांवर, कुणाच्या तरी सुनेवर होत असतो. आणि असे शिकाऊ हात सरकारी इस्पितळातल्या गरीब माणसाच्या वाट्याला जास्त येतात, हेही इथेच लिहून ठेवायला हवं.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे सिम्युलेशन. खऱ्या कामातला प्रसंग मुद्दाम उभा करायचा, शिकणाऱ्याला त्यात स्वतः काम करू द्यायचं, आणि मग त्या कामाबद्दल नीट बसून बोलायचं. त्यासाठीची साधनं अनेक आहेत. इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर यांच्या सरावासाठी शरीराचा एकेक सुटा भाग मिळतो. पूर्ण देहाचा मॅनिकिन असतो. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, स्टेथोस्कोप लावला की फुप्फुसांतले आवाज ऐकू येतात. कधी पेशंटची भूमिका करायला तयार केलेला जिवंत माणूसच खाटेवर असतो. आपल्याकडे निर्जीव साधनांना सरसकट 'डमी' म्हणतात, मीही म्हणते. पण स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी फार पूर्वी बजावून ठेवलं आहे की सिम्युलेशन ही शिकवण्याची पद्धत आहे, तिला तंत्रज्ञान समजू नये. आपल्या कॉलेजांनी याच्या नेमकं उलट धरलं. आधी यंत्र विकत घेतलं, मग ते कोण चालवणार याचा शोध सुरू केला.

परदेशी कंपन्यांनी हल्ली विकायला आणलेली ही कल्पना आहे, असा एक समज आहे. तिचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्यात बायकांचा मोठा वाटा आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कूद्रे नावाची एक सुईण होती. खेड्यापाड्यांतल्या बायका आणि त्यांची बाळं बाळंतपणात मरतात, कारण तिथल्या सुइणींना कुणी शिकवलेलंच नाही, हे तिने पाहिलं. कापड, चामडं आणि कापूस वापरून तिने बाळंतिणीच्या कमरेचा भाग आणि आतलं बाळ तयार केलं. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तिला देशभर शिकवण्याचा परवाना दिला, आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षं ती गावोगाव फिरून, वाचता न येणाऱ्या बायकांच्याही हाती ते बाळ देऊन, आडवं आलं तर काय करायचं, पायाळू आलं तर काय करायचं, हे शिकवत राहिली. तिच्या त्या 'यंत्रां'पैकी एक रूआँ शहरातल्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतं.

दुसरी गोष्ट १९११ ची. अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलच्या प्रमुख लॉडर सदरलँड यांना विद्यार्थिनींना पेशंट उचलणं, कुशीवर वळवणं, अंग पुसणं शिकवण्यासाठी माणसाएवढी बाहुली हवी होती. ऱ्होड आयलंडमध्ये मार्था जेंकिन्स चेस या बाई मुलांसाठी कापडी बाहुल्या बनवत. सदरलँडबाईंनी त्यांना सांगून पूर्ण उंचीची, सांधे वळणारी बाहुली करून घेतली. तिचं नाव पडलं 'मिसेस चेस'. पुढच्या काही वर्षांत तिच्या दंडात इंजेक्शन देण्याची जागा आली, आणि एनिमा, कॅथेटर यांचा सराव करता यावा म्हणून पोटात पाण्याची टाकी आली. नॉर्वेतले खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्दाल यांची 'रेससी अ‍ॅन', जिच्या छातीवर आज जगभर सीपीआर शिकवला जातो, ती १९६० मधली. भूलतज्ज्ञांसाठी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात संगणकावर चालणारा 'सिम वन' तयार झाला तो त्याच दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे एका नर्सिंग स्कूलच्या प्रमुखबाईंनी ही गरज ओळखली, त्यानंतर जवळपास अर्धं शतक गेल्यावर बाकीचं वैद्यकीय जग इकडे वळलं. आपल्या विद्यार्थिनींना फ्लॉरेन्स नाइटिंगेल तोंडपाठ असते. द्यु कूद्रे आणि सदरलँड यांची नावंही त्यांच्या कानावर पडायला हवीत.

कल्पना जुनी असली तरी, पेशंटपाशी घालवायच्या वेळातला काही वेळ लॅबमध्ये घालवला तर नर्स कच्ची राहत नाही ना, हा प्रश्न उरतोच. तो मोठ्या प्रमाणावर तपासला अमेरिकेतल्या नर्सिंग नियामक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने. २०११ मध्ये दहा नर्सिंग अभ्यासक्रमांतल्या नव्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले गेले. एका गटाला नेहमीप्रमाणे क्लिनिकल पोस्टिंग, त्यात सिम्युलेशन फार तर १० टक्के. दुसऱ्या गटाचे २५ टक्के आणि तिसऱ्याचे ५० टक्के क्लिनिकल तास सिम्युलेशनने भरून काढले. हे विद्यार्थी २०१३ मध्ये पदवीधर झाले, आणि नोकरीतल्या पहिल्या सहा महिन्यांतही त्यांच्या वरिष्ठांकडून त्यांच्या कामाबद्दल विचारणा होत राहिली. ज्ञान, कौशल्य, परवाना परीक्षेचा निकाल, वॉर्डातलं काम, कशातही तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल आपल्याकडच्या परिषदांमध्ये वारंवार सांगितला जातो. सांगताना एक भाग मात्र गळून पडतो. त्या दहाही ठिकाणच्या शिक्षकांना आधी रीतसर प्रशिक्षण दिलं होतं, आणि प्रत्येक प्रसंगानंतरची चर्चा एका ठरावीक पद्धतीने घेतली जात होती. ती पद्धतही क्रिस्टिना ड्रायफर्स्ट या नर्स-प्राध्यापिकेने बांधलेली होती. हे सोडून नुसते ५० टक्के उचलणं धोक्याचं आहे. अहवालाचा पुरावा मॅनिकिनच्या बाजूने नाही, तयार शिक्षिकेच्या बाजूने आहे.

ही तयार शिक्षिका नेमकं काय करते, हे एका प्रसंगावरून सांगते.

पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. पेशंट साधारण पन्नाशीचा, आतडं फुटून आलेला. मॅनिकिनच्या कपाळावर ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा मारलेला, म्हणजे घाम. युरोबॅगमध्ये थोडासाच गडद काळा चहा, म्हणजे लघवी कमी आणि दाट होते आहे. श्वास मिनिटाला अठ्ठावीस, नाडी एकशे अठरा, ताप आहे. बीपी अजून बरं. काचेमागे माइकवर बसलेली शिक्षिका पेशंटच्या आवाजात म्हणते, "सिस्टर, जीव घाबरा होतोय." खाटेजवळ पेशंटचा मुलगा उभा आहे. ही भूमिका दुसऱ्या ट्यूटर करतात, कारण आपल्या वॉर्डात नातेवाईक नाही अशी खाट नसते. तो म्हणतो, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो, झोपेचं काहीतरी द्या ना." विद्यार्थिनी आत येते. बीपी बघते, ताप बघते, पॅरासिटामॉल देते, मुलाला धीर देते आणि चार्टवर श्वसनाच्या रकान्यात वीस लिहिते. मग तिच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकते आणि ती रेसिडेंटला फोन लावते. पलीकडून झोपाळलेला आवाज : "बीपी किती? ठीक आहे ना? मग सकाळी बघू." ती "बरं सर" म्हणून फोन ठेवते. इथे प्रसंग थांबतो.

आता खरं शिकवणं सुरू होतं. त्याला डीब्रीफिंग म्हणतात, आणि प्रसंगाला जेवढा वेळ लागला किमान तेवढा, बहुधा त्याहून जास्त वेळ त्याला द्यावा लागतो. आपल्या नर्सिंग शिक्षणातली जुनी सवय इथे आडवी येते. आपण रागावून शिकलो, सगळ्यांदेखत रागावलं गेल्यावर ती चूक जन्मात विसरलो नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. चूक विसरली जात नाही हे खरंच. पण ती लपवायलाही आपण तेव्हाच शिकतो. डीब्रीफिंगमध्ये शिक्षिका वेगळ्या रीतीने बोलते. आपण काय पाहिलं ते ती सांगते, आपल्याला काळजी का वाटली ते सांगते, आणि मग खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून विचारते : "तू श्वास वीस लिहिलास. मी अठ्ठावीस ठेवला होता. अशा पेशंटचा श्वास वाढणं ही बिघडण्याची पहिली खूण असते, म्हणून मला काळजी वाटली. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?" यावर मुलगी थोडा वेळ गप्प बसते आणि म्हणते, "मॅडम, मी मोजलाच नाही. वॉर्डात सगळ्या वीसच लिहितात."

हे एक वाक्य बाहेर यावं यासाठी सगळा खटाटोप. रागावलं असतं तर ते कधीच आलं नसतं. आता चर्चा त्या मुलीच्या चुकीपुरती उरत नाही. वॉर्डात श्वास का मोजला जात नाही, पूर्ण मिनिट पेशंटजवळ उभं राहायला काय आड येतं, यावर सगळ्या जणी बोलू लागतात. मग फोनचा विषय निघतो. रेसिडेंटने "सकाळी बघू" म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, हे कुणी कधी शिकवलेलंच नसतं. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज आणि माझी मागणी, या क्रमाने बोलण्याची रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून इस्पितळांत आली, तिला एसबीएआर म्हणतात. पुस्तकात ती चार ओळींत वाचून होते. प्रत्यक्षात एकोणीस वर्षांच्या मुलीला डॉक्टरांना "सर, तुम्ही आत्ताच येऊन पेशंट बघावा असं मला वाटतं" एवढं म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि ते उघडण्याचा सराव करावा लागतो. तोच प्रसंग पुन्हा चालवला की ती म्हणते. पहिल्यांदा आवाज कापतो. माझ्या मते लॅबमध्ये होणाऱ्या सगळ्या सरावांत हा सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याला एक रुपयाचंही यंत्र लागत नाही.

साधनं साधी असूनही काम किती खोल जाऊ शकतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. बिहारमध्ये राज्य सरकार आणि केअर इंडिया यांनी 'अमानत' नावाचा कार्यक्रम चालवला. त्यात प्रशिक्षित नर्सेस मेंटॉर म्हणून जोडीने प्राथमिक आरोग्य केंद्रांत जात, तिथल्या एएनएम आणि स्टाफ नर्सेसबरोबर आठवडाभर काम करत, आणि त्यांच्याच लेबर रूममध्ये सिम्युलेशन घेत. सिम्युलेशनचा भाग प्रोंटो इंटरनॅशनल या संस्थेने बांधला होता. त्यांचं मुख्य साधन म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या पायजम्यासारखी एक शिवलेली विजार, ती घालून एक जण बाळंतीण होते. बाळ त्यातून बाहेर येतं, वार येते, रक्त येतं. हेच काम करणारी लेर्दालची 'मामानॅटली' आपल्याकडे अनेक कॉलेजांत आहे. शिक्षिका ती पोटाला बांधते, आतल्या हाताने गर्भाशय घट्ट किंवा सैल ठेवते आणि रक्ताचा नळ कमीजास्त करते. समोरची नर्स पोटावर हात ठेवते. गर्भाशय लिबलिबीत लागलं तर तिने मदतीला हाक मारायची, मसाज सुरू करायचा, ऑक्सिटोसिन द्यायचं, लघवीची पिशवी रिकामी आहे का बघायचं, वार पूर्ण आली का तपासायची. आणि हे सगळं चालू असताना खाटेवरच्या बाईशी बोलत राहायचं, कारण ती जिवंत बाई आहे, ती घाबरली आहे आणि मोठ्याने विचारते आहे, "माझं बाळ का रडत नाही?" महागड्या मॅनिकिनकडून हा प्रश्न इतक्या काकुळतीने येत नाही.

आता आपल्या लॅब्ज. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली, आणि स्किल लॅब व सिम्युलेशन यांना रीतसर जागा मिळाली. कौन्सिलच्या पुढाकाराने गुरुग्रामला राष्ट्रीय संदर्भ सिम्युलेशन केंद्र उभं राहिलं. पुण्याजवळ लवळ्याला सिम्बायोसिसचं आरोग्य कौशल्य केंद्र आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण मी अशाही लॅब पाहिल्या आहेत, जिथे मॅनिकिन कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आहे, खोलीला कुलूप आहे, आणि किल्ली स्टोअरकीपरकडे आहे. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी ती उघडते. यामागे कुणाचा आळस आहे असं मला वाटत नाही. त्यामागे भीती आहे. तीस लाखांची वस्तू बिघडली तर जबाबदार कोण? दुरुस्तीचा करार संपलेला, बदलायची कातडी परदेशातून यायची, बॅटरी उतरलेली, आणि हे सगळं बघायला तंत्रज्ञाचं पदच मंजूर नाही. त्यामुळे सहीसाठी जिचं नाव आहे ती ट्यूटर कुलूप लावते. कुणीही तेच केलं असतं. यावरचा उपाय प्राचार्यांच्या आणि संस्थाचालकांच्या हातात आहे : यंत्राच्या किमतीचा एक हिस्सा आधीच दुरुस्तीसाठी आणि शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी बाजूला काढणं, आणि वापरताना झालेली झीज हा गुन्हा मानला जाणार नाही असं लेखी देणं.

जिला या कामाकडे वळायचं आहे, तिची वाट कशी असते? आपल्याकडे ही वाट आखलेली नाही. बहुतेक जणी चालता चालता तिच्यावर येतात. जीएनएम किंवा बी.एस्सी. झाल्यावर काही वर्षं वॉर्ड, मग आयसीयू, कॅज्युअल्टी किंवा लेबर रूम. तिथे नव्या मुलींना शिकवायचं काम आपोआप एखाद्या सिस्टरकडे येतं, कारण तिला समजावून सांगता येतं हे सगळ्यांना दिसलेलं असतं. मग बीएलएस, एसीएलएसचा कोर्स, पुढे त्याचीच इन्स्ट्रक्टर. अनेकींसाठी लॅबचं पहिलं दार हेच असतं, सीपीआरच्या डमीपाशी उघडणारं. कॉलेजात रीतसर शिकवायचं तर जीएनएम झालेल्यांना पोस्ट बेसिक, त्यानंतर एम.एस्सी. हे टप्पे येतात, आणि ते नोकरी, घर, मुलं सांभाळून पार करावे लागतात. ट्यूटर झाल्यावर पगार वाढेलच असं नाही. खासगी कॉलेजात तो आयसीयूपेक्षा कमीही असू शकतो. 'सिम्युलेशन एज्युकेटर' असं पद बहुतेक ठिकाणी नसतं. कागदावर ती मेडिकल-सर्जिकलची किंवा ओबीजीची असिस्टंट प्रोफेसर असते आणि लॅब हे तिच्यावर वरून आलेलं काम. आंतरराष्ट्रीय पातळीवर सोसायटी फॉर सिम्युलेशन इन हेल्थकेअर या संस्थेची परीक्षा देऊन प्रमाणित सिम्युलेशन शिक्षक होता येतं, पण त्यासाठी आधी प्रत्यक्ष सिम्युलेशन शिकवण्याचा अनुभव लागतो. तो अनुभव मिळवायला चालू असलेली लॅब लागते. म्हणून कुलपाचा प्रश्न करिअरचाही प्रश्न आहे.

या वाटेवरचा सर्वांत अवघड भाग पदव्यांचा नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात नर्स नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या कशी चढते हे मांडलं. तज्ज्ञ नर्सला मॉनिटर वाजायच्या आधी कळतं की काहीतरी बिघडतंय. कसं कळलं, हे विचारलं तर तिला सांगता येत नाही. लॅबमध्ये आल्यावर तिला पहिलं काम करावं लागतं ते हेच सांगण्याचं. आपण त्या पेशंटकडे बघितलं तेव्हा नक्की काय दिसलं? ओठ आतून फिके होते, तो वाक्य पुरं न करता मध्येच श्वास घेत होता, चादर उगाच चाचपडत होता. हे सुटं करून मांडता आलं तरच त्याचा प्रसंग लिहिता येतो. दुसरं, खाटेपाशी सगळ्यांत आधी धावायचं हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. काचेमागे मात्र हात बांधून बसावं लागतं. समोर मुलगी गोंधळली आहे, पेशंट 'जातो आहे', आणि मला उत्तर माहीत असून मी बोलायचं नाही. हे मला आयसीयूतल्या कुठल्याही नाइटपेक्षा जड गेलं. शिवाय वॉर्डात जिचा शब्द प्रमाण मानला जात होता ती इथे पुन्हा नवशिकी असते, वयाने लहान असलेल्यांकडून डीब्रीफिंग शिकत असते. ही ओढाताण प्रत्येकीच्या वाट्याला येते, म्हणून ती आधीच सांगून ठेवते. ती संपते.

मात्र वॉर्डातली वर्षं वगळून थेट लॅबमध्ये येण्याच्या मी विरोधात आहे. सॉफ्टवेअर कुणीही चालवील. पण पेशंट कोणत्या शब्दांत तक्रार करतो हे वॉर्डातच कळतं. कंपनीच्या मॅनिकिनला इंग्रजीत कण्हता येतं. "डोळ्यांपुढं अंधारी येतीय", "पोटात आग पडलीय", "हातापायातलं त्राणच गेलंय" हे त्याच्या तोंडी घालायला काचेमागे वॉर्डात राबलेली सिस्टर हवी. बहुतेक मॅनिकिन गोऱ्या कातडीचे असतात. सावळ्या माणसाचं निळं पडणं किंवा फिकं पडणं ओठांच्या आतून, नखांत, पापणीच्या आत बघायचं असतं, हे यंत्र शिकवत नाही. आणि जिने खऱ्या नातेवाइकांना वाईट बातमी देताना शेजारी उभं राहून पाहिलं आहे, तीच त्या प्रसंगातलं मौन किती लांबू द्यायचं हे ठरवू शकते.

सिम्युलेशनच्या मर्यादाही आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गँगरीनच्या पायाचा वास लॅबमध्ये येत नाही. बारा तासांच्या ड्युटीच्या शेवटी हात कसे जड होतात ते वीस मिनिटांच्या प्रसंगात कळत नाही. मॅनिकिनचा हात कोणी भीतीने घट्ट धरत नाही. शिकलेलं टिकतंही थोडंच. सीपीआरसारखं कौशल्य काही महिन्यांत ढिलं पडतं, म्हणून वर्षातून एकदा घेतलेल्या कार्यशाळेचे फोटो हे शिक्षण होत नाही. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेने नोंदणीसाठी लागणाऱ्या २,३०० प्रात्यक्षिक तासांपैकी जास्तीत जास्त ६०० तास सिम्युलेशनने भरायला परवानगी दिली आहे. म्हणजे तिथेही बराच मोठा हिस्सा पेशंटपाशीच राखला गेला आहे. मला ते प्रमाण शहाणपणाचं वाटतं. तिकडे नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुली याच पद्धतीच्या परीक्षेला सामोऱ्या जातात. त्यांच्या ओएससीई परीक्षेत दहा स्टेशनं असतात. अनेक जणी क्लासला पैसे भरून तिथे पहिल्यांदा मॅनिकिनशी बोलायला शिकतात. ज्या कॉलेजने त्यांना पदवी दिली तिथेच हे व्हायला हवं होतं.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. सुरुवातीची प्रकरणं पद्धतीची आहेत : उद्दिष्ट कसं ठरवायचं, प्रसंग सुरू होण्याआधी विद्यार्थिनींशी काय बोलायचं, डीब्रीफिंग कसं घ्यायचं. घाईत असलात तर डीब्रीफिंगचं प्रकरण आधी वाचा, बाकीचं नंतर चालेल. मधला भाग लिहून तयार असलेल्या प्रसंगांचा आहे. त्यात रक्तस्राव, सेप्सिस, बाळाला श्वास देणं, साखर उतरणं, चुकीचं रक्त चढणं असे प्रसंग आहेत, आणि मेट्रन ऑफिसमध्ये जाऊन चूक कबूल करण्याचाही एक आहे. शेवटी घरच्या वस्तूंतून करायच्या गोष्टींच्या कृती दिल्या आहेत. खायचा लाल रंग आणि कॉर्नफ्लोअरची पातळ खळ यांचं रक्त चांगलं होतं, पण मॅनिकिनच्या कातडीवर आधी व्हॅसलिनचा हात फिरवा, नाहीतर डाग जात नाही. वर्तमानपत्र तर त्याच्याखाली कधीच अंथरू नका, शाई कातडीत उतरते.

हे प्रसंग कुणीही वापरावेत, बदलावेत, आपल्या भागातल्या बोलीत करावेत. विदर्भातल्या कॉलेजात पेशंटने वऱ्हाडीत बोलावं, सिंधुदुर्गात मालवणीत. औषधांच्या मात्रा मी तपासून दिल्या आहेत, तरी वर्गात नेण्याआधी त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांशी ताडून घ्याव्यात, कारण त्या बदलत असतात. आणि ज्या सिस्टर अजून वॉर्डात आहेत, ज्यांना शिकवण्याकडे वळायचंही नाही, त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या ड्युटीत एखादा पेशंट कसा बिघडत गेला, तुम्हाला पहिली शंका कशावरून आली, कुणाला काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं, हे नावगाव गाळून एका पानावर लिहा आणि जवळच्या नर्सिंग कॉलेजला नेऊन द्या. पुढचे प्रसंग त्यातूनच लिहिता येतील.